जुन्या जपानी मोटारीचा जीर्णोद्धार



मोटारगाडीचा इतिहास आपल्याकडे बहुधा दोन तऱ्हांनीं सांगितला जातो. एक तऱ्हा कारखानदारांची. कोणत्या सालीं कोणता कारखाना निघाला आणि पहिली मोटार कोणाच्या हस्तें बाहेर पडली, एवढें सांगून ती संपते. दुसरी तऱ्हा संस्थानिकांची. कोणत्या महाराजांच्या मोटारखान्यांत काय काय होतें, याचीं रसभरित वर्णनें तींत येतात. या दोन्हीं इतिहासांत एक माणूस मात्र कोठेंच दिसत नाहीं. कारखाना मोटार एकदां घडवितो, मालक ती एकदां विकत घेतो. परंतु त्यानंतर तीस-चाळीस वर्षें जो ती चालती ठेवतो, त्याच्या हातांचा इतिहास कोणी लिहून ठेवीत नाहीं. आज त्या इतिहासाचें एक लहानसें पान मला आपणांपुढें ठेवावयाचें आहे. विषय मर्यादित आहे: जपानी घडणीची किंवा जपानी एंजिनाची, चपळ म्हणून नांवाजलेली जुनी सलून मोटार, तिची निगा, आणि तींत करावयाच्या सुधारणा.

मी मावळांतील इंदुरीचा राहणारा. आयुष्य शाळेंत गेलें. यंत्रशास्त्राची पदवी माझ्यापाशीं नाहीं. परंतु आमचें गांवच अशा जागीं वसलें आहे कीं, मोटारीच्या इतिहासाकडे पाठ फिरवून बसणें कठीण. इंद्रायणीच्या कांठीं सरसेनापति खंडेराव दाभाडे यांनीं १७२० च्या सुमारास बांधलेली गढी येथें आहे. तिच्या आंत कडजाई देवीचें देऊळ आहे. जवळच तुकोबांच्या वास्तव्यानें पावन झालेला भंडाऱ्याचा डोंगर आहे. आणि गांवावरूनच तळेगांवाहून चाकणला जाणारा रस्ता जातो. या रस्त्यानें दिवसरात्र नव्या कोऱ्या मोटारी पाठीवर घेतलेल्या लांबलचक गाड्या जात असतात. चाकणला फोक्सवागेन कंपनीचा कारखाना २००९ सालीं सुरू झाला. तळेगांवास जनरल मोटर्सचा कारखाना त्याच्या आदल्या वर्षीं, २००८ सालीं निघाला. २०२० च्या डिसेंबरांत तेथील काम थांबलें, आणि पुढें ती जागा ह्युंदाई कंपनीनें घेतली. म्हणजे एवढा मोठा कारखाना बारा वर्षांत थांबला, आणि त्याच्या कितीतरी आधीं जन्मलेल्या मोटारी मावळांतील पत्र्याच्या छपरांखालीं अजून चालू आहेत. ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

प्रथम ही चपळ सलून मोटार म्हणजे काय, तें पाहूं. चार दारें, पांच माणसांची बैठक, मागें सामानाची पेटी, असें जिचें रूप कुटुंबवत्सल आणि एंजिन मात्र शर्यतीच्या जातीचें, अशी ही मोटार. जपानांत तिचा उदय १९६४ च्या मे महिन्यांत सुझुका येथील शर्यतींत झाला, असें मानण्याची चाल आहे. प्रिन्स नांवाच्या कंपनीनें आपल्या स्कायलाइन या साध्या सलून मोटारीचें नाक सुमारें २० सेंटिमीटर लांबविलें, आणि त्या जागेंत आपल्याच ग्लोरिया या मोठ्या मोटारीचें दोन लिटरांचें सहा सिलिंडरांचें एंजिन बसविलें. शर्यत जर्मनीच्या पोर्श ९०४ या मोटारीनें जिंकली. परंतु दुसऱ्यापासून सहाव्यापर्यंतचे सर्व क्रमांक स्कायलाइननें पटकाविले. १९६६ सालीं प्रिन्स कंपनी निसानमध्यें विलीन झाली, आणि १९६९ सालीं स्कायलाइनचा जी. टी. आर. हा १६० अश्वशक्तीचा प्रकार निघाला. तोहि प्रथम चार दारांचाच होता. येथें लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट ही कीं, या परंपरेचा आरंभच मुळीं एका मोटारींत दुसऱ्या मोटारीचें एंजिन बसविण्यानें झाला. सुधारणा हा या मोटारींचा पुढें जडलेला छंद नव्हे. तो त्यांचा जन्मस्वभाव आहे.

या इतिहासांत आपल्या रक्ताचीहि माणसें आहेत. पूर्व आफ्रिकेंतील सफारी शर्यत ही हजारों किलोमीटर धूळ, चिखल आणि दगड यांतून जाणारी. केनियाचे जोगिंदर सिंग यांनीं ती १९७४ आणि १९७६ सालीं मित्सुबिशी लान्सर मोटारीनें जिंकली. युगांडांत जन्मलेले शेखर मेहता यांनीं ती पांच वेळां जिंकली: १९७३ सालीं, आणि पुढें १९७९ पासून १९८२ पर्यंत लागोपाठ चार वर्षें, पांचहि वेळां मोटार निसानच्या कारखान्याची, डॅटसन नांवाची. अशा शर्यतींत जो सर्वांत वेगवान तो जिंकतो असें नाहीं. ज्याची मोटार वाटेंत मोडत नाहीं, आणि मोडल्यास जिला रस्त्यावरच दुरुस्त करतां येतें, तो जिंकतो. जपानी मोटारीची जगांतील पत अशा रीतीनें, कमी मोडण्यावर आणि लवकर दुरुस्त होण्यावर उभी राहिली.

आतां आपल्या देशाकडे वळूं. १९८० च्या दशकाच्या आरंभापर्यंत आपल्याकडे मोटार घेणें म्हणजे नांव नोंदवून वर्षानुवर्षें वाट पाहणें असे. १९८३ च्या डिसेंबरांत सुझुकीच्या साहाय्यानें बनलेली पहिली मारुती रस्त्यावर आली, आणि जुन्या कारखान्यांना जाग आली. एंजिन हें मोटारीचें सर्वांत कठीण आणि खर्चिक अंग. तें नव्यानें निर्माण करण्यापेक्षां जपानकडून तयार विद्या घ्यावी, आणि अंग जुन्या युरोपीय सांच्यांतून काढावें, असा मार्ग त्यांनीं पत्करला. हिंदुस्तान मोटर्सनें आपल्या काँटेसा मोटारींत इसुझूचें एंजिन घातलें. मुंबईच्या प्रीमियर कंपनीनें १९८५ सालीं ११८ एन. ई. ही मोटार काढली.

ही ११८ एन. ई. आपल्या विषयाच्या दृष्टीनें फार बोधप्रद आहे. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या या कंपनीचा कारखाना कुर्ल्याला होता. मोटारीचें अंग मूळ इटलीच्या फियाट १२४ चें. ती १९६६ सालीं निघाली आणि पुढच्याच वर्षीं युरोपांतील उत्तम मोटारीचा मान तिला मिळाला. परंतु आपल्याकडे आलेले सांचे इटलीचे नव्हते. ते स्पेनच्या सेआत कंपनीनें त्याच मोटारीची जी सुधारलेली आवृत्ति काढली होती, तिचे. आणि आंतील एंजिन निसानचें, ए-१२ या नांवाचें. इटलीचा देह, स्पेनचा सांचा, जपानचें हृदय आणि कुर्ल्याचे हात, असा हा चार देशांचा संगम होता. नांवांतील एन. ई. हीं अक्षरें या निसानच्या एंजिनाचींच निदर्शक आहेत.

या एंजिनाची थोडी माहिती सांगितल्यावांचून पुढचें विवेचन समजणार नाहीं. ए-१२ हें १९७० सालीं डॅटसन १२०० या मोटारीबरोबर जन्मास आलें. चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ७३ मिलिमीटर, पिस्टनची धांव ७० मिलिमीटर, एकूण आकारमान ११७१ घनसेंटिमीटर. धांवेपेक्षां व्यास मोठा असल्यामुळें पिस्टनला एका फेऱ्यांत थोडेंच अंतर कापावें लागतें, आणि म्हणून एंजिन अधिक फेरे आनंदानें घेतें. मुख्य दांड्याला पांच ठिकाणीं आधार आहे. त्यामुळें तो वेगांत डगमगत नाहीं. जपानांत सत्तरच्या दशकांत लहान सलून मोटारींच्या शर्यतींत याच एंजिनानें नांव मिळविलें. आपल्या ११८ एन. ई. मध्यें तें अवघ्या ५२ अश्वशक्तीचें करून दिलेलें होतें. शर्यतीचा घोडा टांग्याला जुंपावा, तसा हा प्रकार होता. परंतु घोड्याची जात लपत नाहीं, आणि म्हणूनच ज्यांना सुधारणेचा नाद होता त्यांनीं ही मोटार प्रेमानें सांभाळली.

पुढें १९९८ सालीं पूर्ण जपानी घडणीच्या दोन सलून मोटारी आल्या: होंडा सिटी आणि मित्सुबिशी लान्सर. लान्सर हिंदुस्तान मोटर्सच्या तमिळनाडूंतील तिरुवल्लूर येथील कारखान्यांत तयार होई. होंडा सिटीचा १०६ अश्वशक्तीचा प्रकार २००० सालीं निघाला, तेव्हां मुंबई-पुण्याच्या तरुणांत त्याचीच चर्चा होती. त्या तरुणांचीं मुलें आज महाविद्यालयांत आहेत, आणि त्या मोटारी आतां जुन्या म्हणवल्या जातात.

या सर्वांची कसोटी पाहणारा परीक्षक आमच्या शेजारींच आहे, तो म्हणजे बोरघाट. गाडीरस्ता म्हणून तो १८३० सालीं गव्हर्नर माल्कम यांच्या कारकीर्दींत खुला झाला. २००२ सालीं द्रुतगति मार्ग पूर्ण होईपर्यंत मुंबई-पुण्याची प्रत्येक मोटार जुन्या रस्त्यानें खोपोलीहून सुमारें ५०० मीटर चढून खंडाळ्यास येई. बोनेट उघडून, रेडिएटरांतून वाफ सोडीत, कडेला उभ्या राहिलेल्या मोटारींची रांग हें त्या घाटाचें नित्याचें दृश्य होतें. माणसें झऱ्याचें किंवा विहिरीचें पाणी आणून ओतीत आणि पुढें जात. ज्या मोटारीचें डोकें आणि धड दोन्हीं बिडाचीं असत, तिला हें चाले. परंतु निसानच्या एंजिनाचें धड बिडाचें आणि डोकें अ‍ॅल्युमिनियमचें आहे. हे दोन धातु सारखे तापले तरी सारखे फुगत नाहींत. एकदां का एंजिन अति तापलें, कीं डोकें किंचित् वांकतें, मधलें गॅस्केट फुटतें, आणि पाणी तेलांत मिसळतें. शिवाय क्षारयुक्त साध्या पाण्यानें अ‍ॅल्युमिनियम आंतून झिजतें आणि वाटा चोंदतात. म्हणून या मोटारींच्या निगेचा पहिला धडा हा कीं, रेडिएटरांत शुद्ध पाणी आणि गंजरोधक कूलंट यांचें योग्य मिश्रण असावें, आणि तें ठरल्या मुदतीनें बदलावें. जुन्या मिस्त्र्यांनीं हा धडा अनेक डोकीं घासून सपाट केल्यावर शिकला.

दुसरा शत्रु गंज. लोणावळ्यास वर्षाकांठीं सुमारें ४००० मिलिमीटर पाऊस पडतो. पूर्वेकडे इंदुरीपर्यंत येतां येतां तो पुष्कळ कमी होतो. परंतु घाटावर ये-जा करणारी मोटार त्यांतून सुटत नाहीं. जुन्या जीपला किंवा मालमोटारीला निराळा लोखंडी सांगाडा असतो. पत्रा कुजला तर बदलतां येतो. सलून मोटारीला तसा सांगाडा नसतो. पत्रा हाच तिचा सांगाडा. दाराखालचा पोकळ पाट, चाकांवरील कमानी, पायांखालची जमीन, हीं ठिकाणें आंतून कुजत असतांना वरून रंग चकाकत राहतो. वरून लांबी भरून रंग दिला तर मोटार सुंदर दिसते, पण अपघातांत ती पुठ्ठ्याप्रमाणें चुरगळते. चांगला कारागीर अशा जागीं कुजलेला पत्रा कापून काढतो, नवा जोडतो, आणि पोकळींत मेण किंवा तेल सोडतो. हें काम दिसत नाहीं. म्हणून मालक त्याचे पैसे देतांना कांकूं करतात. वस्तुतः सर्व खर्चांत हाच खर्च सर्वांत आधीं करण्याजोगा आहे.

तिसरी गोष्ट वेळेची. निसानच्या एंजिनांत व्हॉल्व्ह उघडण्या-मिटण्याचें काम लोखंडी साखळीनें होतें. ती झिजली कीं खडखड करून सूचना देते. होंडा आणि लान्सर यांच्या त्या काळच्या पेट्रोल एंजिनांत त्याजागीं दांतेरी रबरी पट्टा असतो. तो आवाज करीत नाहीं, आणि सूचनाहि देत नाहीं. एके दिवशीं तुटतो, आणि होंडाच्या एंजिनांत मग पिस्टन व्हॉल्व्हवर आपटून एंजिनाचा नाश होऊं शकतो. मोटार उभी राहिली म्हणून पट्टा तरुण राहत नाहीं. मोटार किती चालली एवढेंच न पाहतां किती वर्षें झालीं हेंहि पाहून तो बदलावा लागतो. वर्षांतून चार वेळां चालणाऱ्या, अंगावर कापड पांघरून ठेवलेल्या मोटारी याच कारणानें अधिक बिघडतात. ब्रेकच्या तेलाचीहि तीच कथा आहे. तें हवेंतील ओलावा शोषून घेतें; घाटाच्या उतारावर ब्रेक तापले कीं त्या ओलाव्याची वाफ होते, आणि पायाखालचा ब्रेक मऊ पडतो. दोन वर्षांनीं तें तेल बदलावें, हा नियम खंडाळ्याचा उतार उतरणाऱ्यानें तरी विसरतां कामा नये.

आतां इंधनाकडे येतों, कारण या क्षणीं जुन्या मोटारीपुढें उभा असलेला हा सर्वांत नवा प्रश्न आहे. पेट्रोलनें आपल्याकडे दोनदां रूप पालटलें. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आलें. शिसें हें जुन्या बिडाच्या डोक्यांत व्हॉल्व्हच्या बैठकींना वंगणासारखें जपत असे. तें गेल्यावर त्या बैठकी झिजूं लागल्या. अ‍ॅल्युमिनियमच्या डोक्यांत मात्र बैठक मुळांतच निराळ्या, कठीण धातूची बसवावी लागते. म्हणून निसानचें एंजिन या पालटांतून बऱ्यापैकीं सुखरूप सुटलें. दुसरा पालट इथेनॉलचा. पेट्रोलमध्यें १० टक्के इथेनॉल मिसळण्याचें उद्दिष्ट २०२२ सालीं, आणि २० टक्क्यांचें २०२५ सालीं गांठलें गेलें. ऊंस पिकविणाऱ्या आपल्या महाराष्ट्राला यांत लाभ आहे, आणि परदेशी तेलावरील खर्च वांचतो, हें खरें आहे. परंतु ज्या मोटारींच्या नळ्या, पडदे आणि वॉशर निर्भेळ पेट्रोलसाठीं बनले, त्यांना हें मिश्रण मानवत नाहीं. जुनें रबर फुगतें किंवा तडकतें. टांकींत वर्षानुवर्षें बसलेला मळ सुटून कार्ब्युरेटरच्या बारीक छिद्रांत अडकतो. ओलावा शोषला गेल्यामुळें टांकी आंतून गंजते. इथेनॉलच्या एका लिटरांत पेट्रोलच्या सुमारें दोन-तृतीयांश एवढीच उष्णता असते. म्हणून २० टक्के मिश्रणानें सहा-सात टक्के शक्ति त्या इंधनांतून कमीच मिळावयाची.

यावर उपाय आहेत, आणि ते महागहि नाहींत. इथेनॉलला टिकणाऱ्या रबराच्या नळ्या बसवाव्या. पेट्रोलपंपाचा पडदा आणि कार्ब्युरेटरचे वॉशर बदलावे. मिश्रण फार विरळ झालें असेल तर कार्ब्युरेटरचें छिद्र एका मापानें मोठें करावें. पावसाळाभर टांकींत जुनें पेट्रोल साठवून ठेवूं नये. जुन्या मोटारींत आग लागण्याचें एक मोठें कारण तडकलेली पेट्रोलची नळी हें असतें. हातभर नळीसाठीं मोटार आणि माणसें जाऊं देणें हा कंजूषपणा नव्हे, अविचार आहे.

येथवर निगा झाली. आतां सुधारणा. येथें मला आपल्या परंपरेंतील एक शब्द आठवतो: जीर्णोद्धार. देवळाचा जीर्णोद्धार दोन प्रकारें होतो. एक, ढासळलेला दगड त्याच जागीं बसवून, गळती थांबवून, पाया घट्ट करून. दुसरा, काळ्या पाषाणावर तैलरंग फांसून आणि पुढें फरशी घालून. दोन्हींला लोक जीर्णोद्धारच म्हणतात, पण पहिल्यानें देऊळ राहतें, दुसऱ्यानें देणगीदाराचें नांव राहतें. जुन्या मोटारीचें तसेंच आहे. चांगला रंगारी जेव्हां तीस वर्षांचे रंगाचे थर खरवडतो, तेव्हां शेंदराचें कवच गळून पडल्यावर मूळ मूर्ति दिसावी, तसा कारखान्याचा पहिला रंग दिसतो. त्या क्षणीं मालकानें ठरवावयाचें असतें कीं, आपण काय करणार आहों.

माझ्या मतें सुधारणेला तीन प्रश्न विचारावे. पहिला: ही सुधारणा थांबण्यासाठीं आहे कीं धांवण्यासाठीं? थांबण्याची सोय आधीं. उत्तम रेडियल टायर, निर्दोष ब्रेक, घट्ट स्टीअरिंग, कमरपट्टे आणि स्वच्छ उजेड, एवढें झाल्याखेरीज एंजिनाला हात लावूं नये. जुन्या मोटारींत दिव्याचा सगळा विद्युत्प्रवाह चालकाच्या बटणांतूनच जातो. मध्यें एक रिले बसविला तर बटण जळत नाहीं आणि दिवा दीडपट झाल्यासारखा वाटतो. ही सुधारणा अगदीं थोडक्या पैशांत होते. दुसरा प्रश्न: वाढलेला भार कोण सोसणार? एंजिनाची शक्ति वाढविली कीं ती क्लचवर जाते, क्लचमधून गिअरपेटीवर, तेथून लांब दांड्यावर, आणि शेवटीं मागच्या आंसावर. साखळीची जी कडी कच्ची असेल ती तुटते. शर्यतींतील ए-१२ एंजिनांची चमत्कारिक वर्णनें तरुण वाचतात; पण शर्यतीचें एंजिन थोड्याथोड्या दिवसांनीं उकलून पुन्हां बांधलेलें असतें, आणि तें दिवाळींत आजीला घेऊन नाशिकला जावयाचें नसतें, हें ते विसरतात. तिसरा प्रश्न: हें पुन्हां पूर्ववत् करतां येईल काय? काढलेला भाग तेलाचा हात फिरवून, चिठ्ठी बांधून जपून ठेवला असेल तर सुधारणा हा प्रयोग ठरतो. तो भंगारांत दिला असेल तर ती हानि ठरते.

हा तिसरा प्रश्न केवळ हौसेचा नाहीं. त्यामागें कायदा आहे. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणें नोंदणीपुस्तकांतील वर्णनाशीं विसंगत असा फेरफार करतां येत नाहीं, आणि २०१९ च्या जानेवारींत सर्वोच्च न्यायालयानें हें तत्त्व स्पष्ट शब्दांत सांगितलें. एंजिन बदलावयाचें तर परिवहन कार्यालयाची परवानगी आधीं घ्यावी लागते. दुसरीकडे, खाजगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांनीं संपते, आणि पुढें दर पांच वर्षांनीं तपासणी करून ती वाढवावी लागते. त्याचें शुल्क २०२२ च्या एप्रिलांत ६०० रुपयांवरून ५००० रुपये झालें, आणि वीस वर्षांवरील मोटारींसाठीं २०२५ च्या ऑगस्टांत तें १०,००० रुपये करण्यांत आलें. पर्यावरण-कर निराळा. याउलट २०२१ च्या नियमांनीं ५० वर्षांवरील, मूळ स्वरूपांत राखलेल्या मोटारीला पुरातन वाहन म्हणून मान आणि निराळा नोंदणी-क्रमांक देऊं केला आहे.

आतां हे दोन आंकडे शेजारीं ठेवून पाहा. १५ वर्षांनीं मोटार म्हातारी ठरते, आणि ५० वर्षांनीं वंद्य ठरते. मधलीं ३५ वर्षें तिला कोणी वाली नाहीं. १९८५ ची ११८ एन. ई. पन्नाशी गांठणार ती २०३५ सालीं. १९९८ ची लान्सर गांठणार ती २०४८ सालीं. तोंवर ती राखावयाची ती मालकानें स्वतःच्या पदरानें. आणि या काळांत हौसेनें केलेल्या फेरफारांनीं तिचें मूळ स्वरूप गेलें, तर पन्नाशीचा मानहि गेला. प्रदूषण कमी व्हावें, धोक्याच्या मोटारी रस्त्यावरून हटाव्या, हा सरकारचा हेतु योग्यच आहे. धूर ओकणारी, ब्रेक नसलेली मोटार केवळ जुनी म्हणून पूज्य होत नाहीं. परंतु जी तपासणींत उतरते, वर्षांतून थोडीच चालते आणि नीट राखलेली आहे, तिच्यासाठीं या मधल्या ३५ वर्षांत सवलतीची एखादी पायरी असावी, असें मला वाटतें.

जपानमध्येंहि ही जाण उशिरांच आली. तेथें मोटारीची तपासणी फार कडक असते, आणि तेरा वर्षांनंतर कर वाढतो. त्यामुळें मोटारी लवकर मोडींत जात. परंतु २०१७ सालीं निसानने स्कायलाइन जी. टी. आर. च्या जुन्या प्रकाराचे बंद झालेले भाग पुन्हां बनविण्यास आरंभ केला. त्याच वर्षीं माझदानें, आणि २०२० सालीं टोयोटानें असेच उपक्रम हातीं घेतले. ज्यांनीं मोटार घडविली त्यांनाच शेवटीं कळलें कीं, आपली कीर्ति नव्या मोटारीइतकीच जुन्या मोटारीच्या चालत राहण्यावर अवलंबून आहे. आपल्या ११८ एन. ई. ला मात्र असा वाली नाहीं. तिच्या मागचा कारखानाच राहिला नाहीं. तरी निसानच्या ए घराण्याचें मोठें एंजिन दक्षिण आफ्रिकेंत २००८ पर्यंत लहान मालमोटारींत बसविलें जात होतें, त्यामुळें एंजिनाचे कांहीं भाग परदेशांतून अजून मिळतात. पत्र्याचे आणि काचेचे भाग शोधावे लागतात ते पुण्याच्या नाना पेठेंत, आणि मुंबईंत कुर्ल्याच्या जुन्या सामानाच्या बाजारांत. ज्या कुर्ल्यांत प्रीमियरचा कारखाना होता, तेथेंच आज तिचे अवयव सुटे विकले जातात, हा काळाचा खेळ आहे.

परंतु सर्वांत दुर्मिळ होत चाललेला भाग लोखंडाचा नाहीं. तो आहे मिस्त्री. कानाला लांब पेंचकस लावून कोणत्या व्हॉल्व्हची फट वाढली हें सांगणारा, पातळ पट्टीनें ती फट एका मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत बेतून देणारा, भोसरीच्या एखाद्या लेथवर उभा राहून न मिळणारा बुश करून आणणारा. आमच्या भागांतील मुलें चाकण-तळेगांवच्या कारखान्यांत कामाला जातात. तेथें तीं रोज शेंकडों मोटारी जोडलेल्या पाहतात. परंतु एक मोटार पूर्ण उकलून पुन्हां बांधण्याचा प्रसंग त्यांतील फारच थोड्यांना येतो. कार्ब्युरेटर उकलणारा हात साठी ओलांडून गेला आहे. पुढची पिढी तर याहून कठीण. १९९८ नंतरच्या मोटारींत इंधनाचें माप विजेची पेटी ठरविते. कार्ब्युरेटर धुवून चालू होतो. ती पेटी धुवून चालू होत नाहीं. तिच्यांतील लहान काँडेन्सर वयानें पाझरतात, आणि ते बदलणारा कारागीर मोटारीच्या नव्हे, रेडिओच्या दुकानांत सांपडतो.

म्हणून माझी आपणांस विनंति एवढीच आहे. आपणांपैकीं पुष्कळांच्या इमारतीखालीं वडिलांची किंवा काकांची अशी एखादी मोटार कापडाखालीं उभी असेल. तिचें काय करावयाचें तें या वर्षींच ठरवा. कारण उभी मोटार ही सांभाळलेली मोटार नव्हे. विकावयाची असेल तर ती राखणाऱ्याला विका. मोडींत काढावयाची असेल तर नोंदणीकृत मोडकेंद्रांतच काढा. पण सरकारी नियमांत बसतील असे उपयोगी भाग आधीं जाणत्या मिस्त्र्याला दाखवा. आणि राखावयाची असेल तर एक वही घाला. कोणत्या तारखेस कोणतें तेल बदललें, कोणता पट्टा घातला, कोणता भाग कोठून आणला, कोणी बसविला, हें त्यांत लिहा. मिस्त्र्याचें नांवहि लिहा. दाभाड्यांची गढी कोणी बांधविली तें आपणांस ठाऊक आहे. तिचे दगड कोणत्या पाथरवटांनीं रचले तें ठाऊक नाहीं, कारण कोणी लिहून ठेवलें नाहीं. मोटारीच्या बाबतींत तरी हें आपल्या हातांत आहे. आणि शक्य असेल तर घरांतील एखाद्या मुलाला किंवा मुलीला रविवारीं त्या मिस्त्र्याजवळ बसवा. प्लग काढून त्याचा रंग पाहावयास शिकणें, ही कांहीं लहान विद्या नव्हे. काळा असेल तर इंधन जास्त, पांढरा असेल तर कमी, विटकरी असेल तर बरोबर. एवढें जरी तिला समजलें, तरी त्या मोटारीला आणखी एक राखणदार मिळाला असें समजा.